सेट बंद करायचा नाही

आमची पोस्ट एका बर्फाळ धारेवर होती. सहा माणसं, एक फायबरची झोपडी, एक बंकर आणि एक रेडिओ सेट. पोस्टचं खरं नाव आणि जागा मी लिहिणार नाही, त्याची कुणाला गरजही नाही. रेडिओवर आम्ही स्वतःला ‘धार तीन’ म्हणत असू. मी तिथे सिग्नलर होतो. टोकावड्याचा मुलगा, वय चोवीस, धर्मानं ख्रिस्ती.

हे लिहिण्याचं कारण आधी सांगतो. मुरबाडला आमची लहानशी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. तिथल्या पाळकांनी मला माझी साक्ष लिहून मागितली. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं. त्यांना त्याचं पत्रक काढायचं होतं. मथळा त्यांच्याकडे तयार होता: ‘देव कधीच उशीर करत नाही!’ शेवटी उद्गारचिन्ह.

मी पत्रकांवर वाढलो. वडील एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटायचे, उरलेली घरी यायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे पत्रक कसं लिहितात आणि लिहिताना काय गाळतात, हे मला माहीत आहे. इथे मी काही गाळणार नाही.

सिग्नलरचं मुख्य काम बोलणं नसतं. ऐकणं असतं. त्याला लिसनिंग वॉच म्हणतात. सेट चालू ठेवायचा, कान लावून बसायचं. थंडीनं बॅटरी मरते, म्हणून ती जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवायची. कधी कधी दिवसभर नुसती खरखर. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, “समोरून आवाज नाही म्हणजे समोर माणूस नाही, असं ठरवायचा अधिकार तुला नाही. सेट बंद करायचा नाही.” ट्रेनिंगमध्ये हे वाक्य ऐकून आम्ही हसायचो.

पोस्ट कमांडर होते हवालदार कदम, साताऱ्याकडचे. आम्ही सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचो, ते मला ‘पाद्री’. मी जेवायच्या आधी डोळे मिटतो हे पहिल्या दिवशी त्यांनी पाहिलं, आणि नाव पडलं. नर्सिंग असिस्टंट गजानन विदर्भातला होता, आणखी दोन जवानही तिकडचेच. सहावा लान्स नायक मोहन. खर्डीच्या पुढे जंगलातल्या एका पाड्यावरचा. त्याचा तालुका शहापूर, माझा मुरबाड, पण हजारो किलोमीटर दूर गेल्यावर दोन्ही म्हणजे एकच गल्ली. आम्ही गावच्या बोलीत बोलायचो आणि कदम म्हणायचे, “तुम्ही दोघं भांडताय का गप्पा मारताय, काही कळत नाही.”

पाणी म्हणजे बर्फ वितळवणं. मोहन स्टोव्हसमोर बसून म्हणायचा, “पादरी, आपलं नशीब बग रे. घरी भातसाचं धरन हाकेच्या अंतरावर, आन् आये टँकरची वाट बगते. हितं सगलीकडं पानी, तर ते दगडासारकं.”

नव्या वर्षाच्या उपासनेत आमच्याकडे प्रत्येकाला बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी मिळते. टोपलीत हात घालायचा, एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावरची ओळ वर्षभर आपली. त्या वर्षी माझ्या आईनं सहा चिठ्ठ्या उचलल्या आणि पार्सलमध्ये पाठवल्या. “तुझ्याबरोबरच्या सगळ्या पोरांसाठी,” असं तिनं फोनवर सांगितलं होतं. आम्ही हेल्मेटमध्ये टाकून एकेक उचलली. कदमांच्या चिठ्ठीत म्हातारपणाबद्दल काहीतरी होतं.

“पाद्री, तुझा देव मला आत्ताच पेन्शनीत घालतोय.”

मोहनच्या चिठ्ठीचा आशय असा, की वाट तुझ्यापुढे मोकळी केलेली आहे. त्याची रजा मार्चअखेर होती. तो उडालाच. “बगा उस्ताद, वरूनच मंजूर झाली!” त्यानं चिठ्ठी आयकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घातली. माझ्या चिठ्ठीत धीर धरण्याबद्दल होतं. मला ती आवडली नाही. चोविसाव्या वर्षी कुणाला आवडेल?

मार्चमध्ये बर्फ सुरू झाला आणि दिवसामागून दिवस पडत राहिला. मोहनला खोकला होता. तो त्यानं लपवला. खोकला सांगितला की हॉस्पिटल, हॉस्पिटल म्हणजे रजा लांबणार. रजा त्याला राब भाजायला हवी होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, पेंढा रचून पेटवतात, तो राब. घरी आई एकटी होती. आजारी माणूस खोकला लपवतो कसा, असं मला खाली आल्यावर अनेकांनी विचारलं. विचारणाऱ्यांपैकी कुणी कधी वर राहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी बर्फ थांबला. मोहनला बुटाची लेस बांधता येईना. तो वाकला आणि तसाच बसून राहिला. ओठ निळे. थुंकीत गुलाबी फेस. गजाननानं छातीला कान लावला.

“उस्ताद, फुप्फुसात पाणी भरतंय. खाली न्यावं लागेल. आजच.”

ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. एक लावला. मी सेट उचलला.

“बेस, धार तीन. एक कॅज्युअल्टी. चॉपर पाहिजे. ओव्हर.”

“धार तीन, खाली ढग आहेत. चॉपर उडू शकत नाही. वेट आउट.”

‘वेट आउट’ हा रेडिओचा शब्द आहे. अर्थ असा: तुझं ऐकलं आहे, आत्ता उत्तर नाही, मीच तुला परत बोलावीन. किती वेळानं, हे त्यात नसतं.

दुसरा मार्ग पायी. खालच्या पोस्टवर डॉक्टर होता. पण वाट एका नाल्यातून जात होती आणि नाल्याच्या डोक्यावर मोठा उतार. ताजा बर्फ कोसळतो म्हणून त्या उताराखालून जायचं नाही, ही ऑर्डर होती. कदम सेटवरून कंपनी कमांडरशी बोलले. साहेब म्हणाले, “कदम, माझं मत ‘जाऊ नये’ असंच आहे. पण उतार तुझ्या डोळ्यांसमोर आहे. निर्णय तुझा. ओव्हर.”

कदम बाहेर गेले. मी सेट घेऊन मागे. उतार शांत होता. वारा नव्हता. ऊन पडायला लागलं होतं. विदर्भाकडच्या दोन्ही जवानांनी न सांगता हार्नेस चढवले होते, दोर काढला होता, बर्फावरून ओढायची स्लेज दाराशी आणली होती. आतून मोहननं हाक मारली. आम्ही आत गेलो.

“चला ना उस्ताद. माज्या चिठीत लिवलंय. वाट मोकली हाय.”

कदमांनी माझ्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

“पाद्री, चिठ्ठी तुझ्या घरची आहे. बोल. ही तुझ्या देवाची ऑर्डर आहे का?”

लहानपणापासून मी अशा क्षणांबद्दल वाचत आलो होतो. पत्रकांत अशा वेळी माणसाला आवाज ऐकू येतो. मी प्रार्थना केली, मनापासून केली. मला आवाज हवा होता. जा म्हणणारा चालला असता, थांब म्हणणारा चालला असता. काही ऐकू आलं नाही. स्टोव्हचा आवाज येत होता आणि मोहनच्या छातीतला.

मग मी मला माहीत होतं तेवढंच बोललो.

“नाही उस्ताद. चिठ्ठी म्हणजे ऑर्डर नाही. उताराबद्दल तुम्हाला जे शिकवलंय ते बघा.”

मोहननं मास्क बाजूला केला.

“मंग दिली कशाला रे?”

मी मास्क त्याच्या तोंडावर परत बसवला.

कदमांनी दारातून उताराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “थांबायचं. दोर उतरवा.” त्या दोन जवानांपैकी एकानं स्लेजला लाथ मारली.

अकराच्या सुमारास उतारावरचा बर्फ सुटला. आधी तडा गेल्याचा आवाज, बंदुकीसारखा. मग झोपडी हलली. आम्ही बाहेर आलो तर नाला पांढऱ्या धुरानं भरला होता. धूर बसला तेव्हा वाट नव्हती. वाटेवर रोवलेल्या खुणेच्या काठ्याही नव्हत्या. निघालो असतो तर त्या वेळी आम्ही बरोबर मध्यावर असतो. कदमांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. ज्यानं स्लेजला लाथ मारली होती तो म्हणाला, “पाद्री, तुझा देव जागा आहे.”

पत्रक इथे संपतं. पाळकांना एवढंच हवं होतं.

पण दिवस इथे संपला नाही. अकराच वाजले होते आणि मोहन आत श्वास घेत होता.

आता तरी वाट होईल का हे बघायला कदम आणि एक जवान दोर बांधून नाल्याच्या कडेपर्यंत गेले. वरचा अर्धा उतार अजून लटकत होता. ते परत आले. मी बेसला विचारलं. वेट आउट. पुन्हा विचारलं. वेट आउट. दुपारी गजाननानं दुसरा सिलिंडर लावला आणि पहिला बाहेर नेऊन ठेवला, मोहनला रिकामा दिसू नये म्हणून.

मी सेट घेऊन त्याच्या उशाशी बसलो.

“चॉपर कवा येल रे?”

“येल.”

“टोकावड्याच्या स्टँडावरल्या कंट्रोलरसारका बोलू नको. तोबी असाच सांगतो. येल, येल.”

“त्याची गाडी येते तरी. उशिरा येते.”

तो हसला. हसल्यावर खोकला आला. गजाननानं मला डोळ्यांनी दटावलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “आये राब भाजाया घेल आता. ती वरून माती कमी टाकते. मंग भडका उडतो. वरचं जलून जातं आन् खाली जमीन कच्ची ऱ्हाते. तिला सांग, माती जास्त टाक. आन् वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटव. हलूहलू जलला पायजे.”

“तूच सांग. रजेवर जाशील तेव्हा.”

“तू सांग रे.”

मी हो म्हणालो. त्यानं माझ्या हातातल्या सेटकडे पाहिलं.

“तुजा देव ऐकतो का?”

“ऐकतो.”

“मंग बोलत का नाय?”

मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. “वेट आउट म्हणाला.”

तो पुन्हा हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. मग म्हणाला, “बरं. सेट चालू ठेव.”

त्यानंतर त्यानं चॉपरचं विचारलं नाही. सकाळपासून तो घाई करत होता, आता त्यानं घाई सोडली. मी त्याला पाणी पाजलं, चमच्यानं, दोनदा. माझा हात त्याच्या हातात होता. चार वाजायच्या आधी तो गेला. कदमांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली, कारण ती सांगावी लागते.

पाऊण तासानं सेट बोलला.

“धार तीन, बेस. हवा उघडली. चॉपर निघालं आहे. पेशंट तयार ठेवा. ओव्हर.”

मी बटण दाबलं. कदमांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला आणि बोलले ते बोलले. चॉपर आता मोहनला न्यायला येणार होतं, ते उतरायचं पॅड मोकळं करायचं होतं. मी फावडं घेऊन बाहेर गेलो. त्या कामात बुटात बर्फ गेला, मला कळलं नाही. पुढे डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. नंतर मेडिकल बोर्डानं नोकरीला अपात्र ठरवलं आणि मी घरी आलो. आता टोकावड्याला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो.

पाळक भले माणूस आहेत. माझ्या वडिलांच्या आजारपणात ते रोज आले. म्हणून त्यांच्याशी जे बोलणं झालं ते रागानं नाही, जसं झालं तसं लिहितो.

ते म्हणाले, “पाच जण वाचले, हे खरं की नाही?”

“खरं.”

“देवानं थांबवलं म्हणून वाचले?”

“हो. मी तसं मानतो.”

“मग तेवढंच लिही बाळा.”

“आणि सहावा?”

“त्यानं वाचणाऱ्याच्या विश्वासाला ठेच लागेल.”

“लागू द्या, पाळकसाहेब. मोहनचं नाव ऐकून मोडणारा विश्वास मोडलेलाच बरा.”

मी जास्त बोललो असेन, पण मागे घेणार नाही.

मी देवाच्या मार्गदर्शनावर विश्वास ठेवतो. त्या सकाळी ते मिळालं असंही मानतो. आवाजानं नाही. समोर एक उतार होता, तो वाचायला शिकलेला एक हवालदार होता, आणि आम्हा कुणालाच न आवडणारा एक नकार होता. मार्गदर्शन बहुतेक वेळा एवढंच असतं. साधं, कोरडं, आणि आपल्या इच्छेच्या विरुद्ध. चिठ्ठी आपल्याला हवं ते सांगते, म्हणून ती आपण आयकार्डात जपतो.

पण देवाची वेळ अचूक असते, हे वाक्य आपण ज्या सहजपणे वापरतो त्याची मला चीड येते. आमच्या मंडळीत एका बाईचं मूल गेलं, तिला हे सांगितलं. नोकरी सुटलेल्या माणसाला सांगितलं, तेही चहा पिता पिता. सांगून आपण घरी जातो. माझं म्हणणं सरळ आहे. ‘थांब’ असं दुसऱ्याला सांगण्याचा हक्क, त्याच्या शेजारी थांबणाऱ्यालाच आहे. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं. आमचा प्रभूही, बायबल सांगतं, मित्र गेल्यावर शोक करणाऱ्यांच्या घरी उशिरा पोचला होता. पण तिथे त्यानं वेळेबद्दल भाषण केलं नाही, तो रडला. हे आपल्या पत्रकांत का येत नाही?

घरी आल्यावर, काठी घेऊन चालता येऊ लागलं तेव्हा, मी मोहनच्या पाड्यावर गेलो. खर्डीला उतरून रिक्षा, पुढे पायवाट. त्याची आई अंगणात गोवऱ्या रचत होती. लहानखुरी बाई. तिनं मला ओळखलं नाही, पण पायाकडे पाहिलं आणि मी कुठून आलो ते तिला समजलं.

“कोन होता त्याच्याजवल?”

“मी होतो, आये.”

“पानी पाजलास?”

“पाजलं.”

ती पुन्हा गोवऱ्या रचू लागली. मी निरोप सांगितला. माती जास्त टाक, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटव. तिचे हात थांबले.

“मला शिकवतो मेला! मीच शिकवलाय त्याला.”

मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मी उभाच राहिलो. डोळे पुसून तिनं विचारलं की वर नेमकं काय झालं. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, उतार, मी काय बोललो, चॉपर कधी आलं.

“तुमचा देव टायमाला नाय आला रे.”

लहानपणापासून पाठ झालेली सगळी उत्तरं मला त्या वेळी येत होती.

“नाय आला, आये,” मी म्हणालो.

“मंग कशाला जातोस त्याच्या दारात?”

“मोहननं सांगितलं होतं, सेट चालू ठेव. तो मला बंद करता येत नाय.”

तिला सेट म्हणजे काय ते कळलं की नाही, माहीत नाही. ती उठली, चार गोवऱ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “उभा काय ऱ्हायलास? चल, वावरात नेऊन टाक.”

तेव्हापासून दर वर्षी राबाच्या दिवसांत मी जातो. यंदाही गेलो. शेण, पाला, पेंढा, वर माती. ती माती कमीच टाकते. मी आणखी दोन घमेली टाकतो, ती ओरडते. “मालक झालास काय रे?” वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून बघते आणि उलट्या अंगानं काडी लावते. राब नीट पेटला की जाळ दिसत नाही. नुसता धूर, जमिनीलगत. पुढचं काम पाऊस आल्यावर, आणि तो कधी येईल हे आमच्या हातात नाही. आम्ही बांधावर बसतो. मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. उत्तर येतंच असं नाही.

पत्रक निघालं नाही. पण गेल्या खेपेच्या उपासनेत साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. पाळकांनी मला थांबवलं नाही, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पोस्टवर सकाळी हजेरी व्हायची तशी मी सहा नावं घेतली, आणि पाच जणांचं ‘हजर’ही मीच म्हणालो. हवालदार कदम. गजानन. ते दोघे जवान. मी. आणि शेवटी, थोडं थांबून, खर्डीच्या पुढच्या पाड्यावरचा लान्स नायक मोहन.

त्याच्या नावाला उत्तर आलं नाही. मी ऐकत उभा राहिलो.